वेरोनिकेचा रुमाल आणि रणभूमीवरील कॅमेरा

प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारची सायंकाळ होती. क्रूसाची वाट आटोपून भाविक घरोघरी परतत होते. आमच्या देवळात सहाव्या स्थानाखाली, जेथे वेरोनिका प्रभू येशूचे मुख पुसते, तेथे त्या वर्षी आम्ही एक छायाचित्र लावले होते. छायाचित्र काळेपांढरे आहे. सुमारे दहा वर्षांचा एक जपानी मुलगा अनवाणी उभा आहे. त्याचे हात शिपायासारखे अंगाशी ताठ चिकटलेले आहेत. पाठीवर पट्ट्याने बांधलेले धाकटे भावंड मान मागे टाकून झोपल्यासारखे दिसते. ते झोपलेले नाही, मरण पावलेले आहे, आणि त्याचा थोरला भाऊ दहनाच्या जागी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा आहे.

हे छायाचित्र आमच्यापर्यंत आले ते दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्यामुळे. डिसेंबर २०१७ मध्ये नाताळ सरल्यावर त्यांनी ते एका छोट्या कार्डावर छापवून घेतले, पाठीमागे 'युद्धाचे फळ' एवढेच शब्द लिहिले आणि खाली आपली सही केली. जानेवारी २०१८ मध्ये चिलीला जाताना विमानातील पत्रकारांनाही त्यांनी ते कार्ड दिले. पोप महोदयांनी जे जगाला दाखवले ते आपल्या धर्मग्रामाने पाहावे, इतकाच आमचा हेतू होता.

देऊळ रिकामे झाल्यावर एक बाई त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना आम्ही ओळखत होतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या तान्ह्या बाळाचा दफनविधी आम्हीच केला होता. त्या वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, ह्या पोराला कुणी विचारलं होतं का, तुझा फोटो काढू का म्हणून?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. पंचवीसतीस वर्षे प्रवचने केलेल्या माणसाला एका साध्या प्रश्नापुढे गप्प राहावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते चित्र उतरवून ठेवले आणि पुढचे काही महिने मिळेल ते वाचीत राहिलो. रणभूमीवर कॅमेरा घेऊन जाणारी माणसे कोण असतात? ती काय धोका पत्करतात? आणि दुसऱ्याचे दुःख टिपण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? प्रस्तुत लेख म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचे आमच्यावर राहिलेले ऋण आहे.

कॅमेरा युद्धावर निघतो

छायाचित्रणाची कला जन्मून दोन दशकेही पुरी झाली नव्हती, तोच ती युद्धावर निघाली. १८५५ साली रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर पोहोचला. त्या काळी काचेची तबकडी ओली असतानाच वापरावी लागे आणि लगेच धुवावी लागे. म्हणून त्याने घोड्यांनी ओढायची एक बंद गाडीच अंधारखोली म्हणून बरोबर नेली होती. काही महिन्यांत त्याने सुमारे ३६० छायाचित्रे घेतली. त्यांत सेनापती आहेत, तंबू आहेत, बंदरे आहेत, पण मृत सैनिक नाहीत. राजघराण्याच्या आश्रयाने गेलेल्या छायाचित्रकाराने मायदेशाला अस्वस्थ करणारे काही आणले नाही.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र एका ओसाड दरीचे आहे. तिच्यात तोफगोळे विखुरलेले दिसतात. सैनिकांनी त्या दरीला 'मृत्यूच्या छायेची दरी' असे तेविसाव्या स्तोत्रातील नाव दिले होते. गंमत अशी की, त्याच जागेची फेंटनने दोन चित्रे घेतली. एकात रस्त्यावर गोळे पडलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. गोळे कोणी रस्त्यावर आणून मांडले की कोणी उचलून नेले, ह्यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला आहे. म्हणजे युद्धाचे छायाचित्रण जन्मले तेव्हाच त्याच्याबरोबर एक शंका जन्मली: कॅमेरा जे दाखवतो ते जसे होते तसेच दाखवतो काय?

आपल्या देशात ही शंका अधिक गडद होते. १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ साली लखनौला आला. सिकंदरबागेतील घनघोर लढाई नोव्हेंबर १८५७ मध्ये झाली होती. बेआतो पोहोचला तेव्हा तिला काही महिने लोटले होते. तरीही त्याच्या चित्रात पडक्या वाड्यापुढील अंगणात हिंदी सैनिकांच्या अस्थी पसरलेल्या दिसतात. चित्र परिणामकारक व्हावे म्हणून त्या तेथे मुद्दाम मांडण्यात आल्या, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मेलेल्यांना मूठमाती मिळण्याऐवजी त्यांची मांडणी झाली! त्या अस्थींनाही कोणी विचारले नव्हते. आमच्या बाईंचा प्रश्न, वाचकहो, एवढा जुना आहे.

हाच बेआतो पुढे १८६३ मध्ये जपानला गेला आणि तेथे बरीच वर्षे राहिला. त्याच्या मागोमाग आपणही जपानला जाऊ. कारण युद्ध आणि कॅमेरा ह्यांच्या नात्याची सर्वांत कठीण कसोटी त्याच भूमीवर लागायची होती.

हिरोशिमा: सात वेळा दाबलेली कळ

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. योशितो मात्सुशिगे हा बत्तीस वर्षांचा वृत्तपत्र छायाचित्रकार त्या वेळी आपल्या घरी होता. स्फोटाच्या केंद्रापासून ते घर सुमारे २.७ किलोमीटरवर होते, म्हणूनच तो वाचला. ढिगाऱ्यातून कॅमेरा शोधून तो शहराकडे निघाला. आगीमुळे पुढे जाता येईना. परत फिरून तो मियुकी नावाच्या पुलाशी आला तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पुलावर जखमींची गर्दी होती. त्यांत पुष्कळशी शाळकरी मुलेमुली होती. विमानहल्ल्यातील आगी पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळ्या जागा करण्याच्या कामावर त्यांना शाळेतून आणले होते. त्यांची कातडी लोंबत होती. भाजलेल्या अंगावर कोणी खाद्यतेल चोळत होते, कारण दुसरे औषधच नव्हते. मात्सुशिगेने कॅमेरा डोळ्याला लावला, पण बोट कळ दाबीना. आयुष्यभर छायाचित्रे काढणे हाच ज्याचा धंदा, तो माणूस सुमारे वीस मिनिटे तसाच उभा राहिला. शेवटी धीर करून त्याने एक चित्र घेतले. मग काही पावले पुढे जाऊन दुसरे घेऊ लागला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतील पाण्याने कॅमेऱ्याची काच धूसर झाली होती, असे त्याने नंतर अनेकदा सांगितले.

त्या दिवशी तो कित्येक तास शहरात फिरला. एका जळालेल्या ट्रामगाडीत त्याने डोकावले. आत माणसे जशी बसली होती तशीच मृत होती. तेथे त्याला कळ दाबणे शक्य झाले नाही. त्याच्याजवळ चोवीस चित्रे निघतील एवढी फिल्म होती. त्याने सात घेतली आणि त्यांपैकी पाच उमटली. त्या दिवशी हिरोशिमाच्या रस्त्यांवर माणसांचे काय झाले हे दाखवणारी चित्रे म्हणजे मुख्यतः ही पाच. वर्षअखेरपर्यंत त्या शहरात सुमारे १,४०,००० माणसे दगावली. एका शहराच्या मरणाची साक्ष, आणि ती पाच चौकोनांत!

न घेतलेल्या सतरा चित्रांकडे आम्ही पुनःपुन्हा वळतो. आजचा एखादा संपादक म्हणेल की, तो कर्तव्याला चुकला. आम्हांला तसे वाटत नाही. त्या सतरा रिकाम्या चौकोनांमुळेच उरलेल्या पाचांवर आमचा विश्वास बसतो. ज्याला कळ दाबताना वेदना झाली नाही, त्याची साक्ष आम्ही जरा जपूनच घेऊ.

नागासाकी: हुकमाचा ताबेदार आणि सत्याचा साक्षी

तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, दुसरा बाँब नागासाकीवर पडला. ठरलेले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे खालचे नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळले. अकरा वाजून दोन मिनिटांनी स्फोट झाला तो उराकामी ह्या वस्तीवर, जपानमधील कॅथलिकांच्या सर्वांत मोठ्या धर्मग्रामावर.

नागासाकी हे नाव आपल्याला परके नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ह्याच नगरीतील निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर चढवण्यात आले. १८६२ साली ते सर्व संतपदाला पोहोचले. त्या रक्तसाक्ष्यांचा विश्वास जपत उराकामीच्या शेतकऱ्यांनी धर्मगुरूंवाचून सुमारे अडीचशे वर्षे लपूनछपून प्रार्थना केल्या. बंदी उठल्यावर त्यांनी वीट वीट रचून महामंदिर उभारले. १८९५ मध्ये सुरू झालेले काम १९१४ मध्ये पुरे झाले. स्फोटाचा केंद्रबिंदू त्यापासून केवळ ५०० मीटरवर होता. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, म्हणून त्या घटकेला देवळात दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते. तेथे असलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास मृत्यू पावले. वर्षअखेरपर्यंत नागासाकीतील मृतांची एकूण संख्या ७४,००० च्या घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून अंधार असताना, तीन माणसे ह्या शहराच्या उत्तर टोकाला मिचिनोओ स्थानकावर उतरली. एक लेखक, एक चित्रकार आणि योसुके यामाहाता हा छायाचित्रकार. यामाहाताने चारच दिवसांपूर्वी अठ्ठाविसावे वर्ष पुरे केले होते. तो सैन्याचा माणूस होता. चीनमध्ये आणि आशियात इतरत्र जपानी सैन्याच्या प्रचारासाठी त्याने चित्रे काढली होती. ह्या वेळीही हुकूम स्पष्ट होता: शत्रूविरुद्ध प्रचाराला उपयोगी पडतील अशी चित्रे आणा.

उजाडल्यापासून तो राखेतून चालत राहिला आणि दिवसभरात त्याने शंभराहून अधिक चित्रे घेतली. एका चित्रात आई आणि मुलगा दोघांच्या हातांत भाताचा एकेक गोळा आहे. मुलाचा चेहरा रक्ताने माखलेला आहे, आणि तो नुसताच समोर पाहतो आहे. दुसऱ्या एका चित्रात जखमी आई आपल्या बाळाला स्तनाशी धरून बसली आहे. ह्या चित्रांत शत्रू कोठेच दिसत नाही, दिसतात ती फक्त माणसे. हुकूम प्रचाराचा होता, पण कॅमेऱ्याने जे आणले ते कोणत्याही सेनापतीच्या कामाचे नव्हते.

यामाहाताने पुढे प्रांजळपणे लिहिले की, काम करताना आपले मन विलक्षण शांत होते. जे समोर होते ते मनात मावण्यापलीकडचे होते म्हणून कदाचित तसे झाले असावे. एका गोष्टीचे मात्र त्याने समाधान मानले. युद्ध लांबवण्यासाठी जपानी सैन्याला ही चित्रे वापरता आली नाहीत. १५ ऑगस्टला सम्राटांनी शरणागती जाहीर केली, आणि २१ ऑगस्टच्या 'मैनिची' वृत्तपत्रात त्यांपैकी काही छापून आली.

६ ऑगस्ट १९६५ रोजी, हिरोशिमाच्या विसाव्या स्मृतिदिनी, जो त्याचा वाढदिवसही होता, यामाहाता एकाएकी गंभीर आजारी पडला. कर्करोगाचे निदान झाले. एप्रिल १९६६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्या एका दिवसाच्या पायपिटीशी ह्या आजाराचा संबंध असावा, असे मानले जाते. रणभूमीवरचा धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोळी येते. यामाहाताच्या अंगावर कोणी गोळी झाडली नाही. तो केवळ पाहायला गेला होता.

कुलूपबंद पेटी

वाचकहो, छायाचित्र काढणे ही अर्धी लढाई झाली. उरलेली अर्धी ते दाखवण्याची असते. १९ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकन अधिपत्याखालील प्रशासनाने जपानी वृत्तपत्रांसाठी एक संहिता लागू केली, आणि अणुबाँबच्या परिणामांची चित्रे जवळजवळ सात वर्षे लोकांपासून दूर राहिली. जपानी चित्रपट-पथकाने घेतलेली फिल्म ताब्यात घेण्यात आली. ती जपानला परत मिळाली १९६७ साली. उराकामीचे श्रद्धावंत डॉक्टर ताकाशी नागाई ह्यांनी स्वतःच्या पत्नीच्या अस्थी घराच्या राखेतून वेचल्या होत्या. त्यांचे 'नागासाकीच्या घंटा' हे पुस्तकही १९४९ मध्ये एका अटीवरच निघू शकले. मनिला शहरात जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचे वर्णन त्याला जोडावे लागले. ते अत्याचारही खरे होते, हे आपण विसरू नये. पण एका निरपराधाची राख दुसऱ्या निरपराधाच्या रक्ताने तोलून दाखवण्याची ही रीत कोणत्याच मृताला न्याय देत नाही.

एप्रिल १९५२ मध्ये जपान पुन्हा स्वतंत्र झाले. ६ ऑगस्टला 'आसाही ग्राफ' ह्या सचित्र नियतकालिकाने अणुबाँबच्या चित्रांचा विशेष अंक काढला. २९ सप्टेंबरच्या अंकात अमेरिकेतील 'लाइफ' साप्ताहिकाने मात्सुशिगे आणि यामाहाता ह्यांची चित्रे छापली. आपल्या सरकारने काय केले हे सामान्य अमेरिकन वाचकाने माणसांच्या चेहऱ्यांत पाहिले, ते असे सात वर्षांनी.

एक पेटी मात्र अजून बंदच होती. जो ओडोनेल हा तेवीस वर्षांचा अमेरिकन नौसैनिक सप्टेंबर १९४५ मध्ये सैन्याचा छायाचित्रकार म्हणून जपानला उतरला. सरकारी कॅमेऱ्याबरोबर त्याने स्वतःचाही एक कॅमेरा ठेवला होता. सात महिने तो उद्ध्वस्त शहरांतून हिंडला आणि सुमारे ३०० चित्रे गुपचूप घरी घेऊन आला. ती त्याने एका पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावले आणि चार दशकांहून अधिक काळ ती उघडलीच नाही. जे पाहिले ते त्याला विसरायचे होते.

१९८९ साली केंटकी राज्यातील धर्मभगिनींच्या एका मठात तो मनन-चिंतनासाठी गेला होता. तेथे त्याने एक शिल्प पाहिले: क्रूसावरील मनुष्यदेह, आणि त्या देहावर अणुबाँबच्या बळींची छायाचित्रे. त्या दर्शनाने तो मुळापासून हलला. घरी येऊन त्याने पेटी उघडली आणि उरलेले आयुष्य ती चित्रे जगाला दाखवण्यात घालवले. मायदेशात त्याला विरोध झाला. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातील नियोजित प्रदर्शन माजी सैनिकांच्या आक्षेपांमुळे मूळ स्वरूपात होऊ शकले नाही. त्यात त्याचीही चित्रे लागायची होती. ९ ऑगस्ट २००७ रोजी, नागासाकीच्या स्मृतिदिनीच, तो वारला. आमच्या देवळात लावलेले छायाचित्र त्याच पेटीतले.

सत्याला असलेला धोका

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती लपवली तर आमच्या लेखणीत आणि बेआतोच्या अंगणात फरक राहणार नाही. ओडोनेलच्या निधनानंतर असे उघडकीस आले की, उत्तरायुष्यात इतरांनी काढलेली काही प्रसिद्ध चित्रेही त्याने आपली म्हणून सांगितली होती. त्याची स्मृती वार्धक्यात ढासळली होती, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे. जपानमधील चित्रे त्याचीच आहेत हे सामान्यतः मान्य आहे. पण ह्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. साक्षीदाराची एक चूक त्याच्या खऱ्या साक्षीवरही सावली टाकते. मोशेच्या आज्ञांतील आठवी आज्ञा न्यायालयापुरतीच नाही, ती कॅमेऱ्यालाही लागू आहे. आज तर संगणकाच्या साहाय्याने कधी न घडलेल्या प्रसंगाचेही हुबेहूब चित्र तयार करता येते. अशा काळात, मी तेथे होतो आणि मी हे पाहिले, असे जिवाची जोखीम घेऊन सांगणाऱ्या माणसाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

आणि ती जोखीम आजही तेवढीच आहे. रॉबर्ट कापा हा विसाव्या शतकातील सर्वांत नामवंत युद्ध-छायाचित्रकार. त्याची सहकारी गेर्दा तारो जुलै १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात मारली गेली. तो स्वतः २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये भूसुरुंगावर पाय पडून गेला. आपल्या देशाचा दानिश सिद्दिकी रोहिंग्या निर्वासितांच्या चित्रांसाठी २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या रॉयटर्सच्या चमूत होता. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे तो मारला गेला. करोनाकाळात आपल्याकडील चितांची जी चित्रे त्याने घेतली होती, त्यांच्याबद्दल २०२२ मध्ये त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुलित्झर मिळाले. ते स्वीकारायला तो नव्हता.

बाईंच्या प्रश्नाकडे

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्कमाध्यमांविषयी आज्ञापत्र काढले. गुरुविद्यालयात आम्ही ते परीक्षेपुरते वाचले होते. त्या बाईंच्या प्रश्नानंतर पुन्हा उघडले. लोकांना सत्य जाणण्याचा अधिकार आहे असे ते सांगते. पण लगेच पुढे म्हणते की, बातमी देताना जसा, तसाच बातमी मिळवतानाही माणसाच्या न्याय्य हक्कांचा आणि प्रतिष्ठेचा मान राखला पाहिजे. म्हणजे प्रश्न केवळ काय दाखवले एवढाच नाही. कसे मिळवले, हाही आहे. आमच्या बाईंनी विश्वपरिषदेचे आज्ञापत्र वाचले नव्हते, पण त्या नेमक्या त्याच ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वेरोनिकेचे नाव शुभवर्तमानात नाही. ती परंपरेने आपल्या हाती दिलेली बाई आहे. परंपरा सांगते की, सैनिकांचे कडे भेदून ती पुढे आली, तिने आपल्या रुमालाने प्रभूचे घामारक्ताने भरलेले मुख पुसले आणि त्या रुमालावर मुखाची प्रतिमा उमटली. 'खरी प्रतिमा' असा तिच्या नावाचा अर्थ लोकांनी लावला. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकत आलो, पण तिच्यातला क्रम आमच्या कधी लक्षात आला नव्हता. वेरोनिका प्रतिमा घ्यायला गेली नव्हती. ती मुख पुसायला गेली होती. प्रतिमा तिला नंतर मिळाली.

रणभूमीवर प्रत्येकाला हा क्रम पाळता येत नाही, हे आम्ही जाणतो. मात्सुशिगेजवळ तेल नव्हते, मलमपट्टी नव्हती, होता तो कॅमेरा. पण वीस मिनिटे त्याचे बोट थबकले आणि डोळे भरून आले, तेव्हा वेरोनिकेच्या जातीचे काहीतरी त्याच्यात होते, असे आम्ही समजतो. छायाचित्रकाराने विचारलेच पाहिजे, असा नियम जळत्या शहरात चालणार नाही. पण ज्याच्या मनात तो प्रश्न उठतच नाही, त्याने तेथे जाऊ नये. आणि पाहणाऱ्या आपणांवरही तेवढेच बंधन आहे. घरी दूरदर्शनपुढे किंवा हातातल्या दूरध्वनीवर आपण अशी चित्रे जेवताजेवता सरकवतो. चित्रातल्या माणसाची परवानगी आपणही कोठे घेतो? त्याच्यासाठी क्षणभर थांबणे, त्याला नाव नसले तरी तो कोणाचा तरी आहे हे मनात आणणे, एवढे तरी आपण देणे लागतो.

संत पोप जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी १९८१ मध्ये ह्या दोन्ही शहरांत गेले. पोप फ्रान्सिस २४ नोव्हेंबर २०१९ रोजी नागासाकीच्या स्फोटकेंद्रापाशी पावसात उभे राहिले, तेव्हा त्या मुलाचे मोठे छायाचित्र जवळच ठेवले होते. २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक अणुबाँबमधून वाचलेल्या जपानी लोकांच्या 'निहोन हिदानक्यो' ह्या संघटनेला मिळाले. वाचलेल्यांचे शब्द आणि त्या मूठभर माणसांची छायाचित्रे ह्यांनी मिळून जगाला त्या दोन सकाळी विसरू दिल्या नाहीत. १९४५ नंतर कोणत्याही युद्धात अणुबाँब वापरला गेलेला नाही. त्याचे श्रेय केवळ छायाचित्रांना देणे भाबडेपणाचे होईल. पण त्यांचा त्यात काहीच वाटा नाही, असे म्हणायलाही आमची जीभ वळत नाही.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारापूर्वी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. चहा झाल्यावर आम्ही त्यांना जे सापडले ते सांगितले. त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. ओडोनेलने पाहिले ते असे: मुलगा पाचदहा मिनिटे तसाच उभा होता, मग तोंडाला पांढरे फडके बांधलेल्या माणसांनी त्याच्या पाठीवरचे बाळ सोडवून घेतले आणि ज्वाळांवर ठेवले. मुलगा ओठ इतके घट्ट चावून उभा होता की ओठांवर रक्त आले. आग खाली बसल्यावर तो वळला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. तो कोण होता, पुढे त्याचे काय झाले, ह्याचा शोध पुष्कळांनी घेतला. त्याचे नाव आजवर कळलेले नाही.

"तुम्ही नको म्हणालात तर चित्र लावणार नाही," आम्ही म्हणालो.

त्या थोडा वेळ पदराशी चाळा करीत बसल्या. मग म्हणाल्या, "लावा, फादर. पण मागच्या वेळी खाली 'अनोळखी जपानी मुलगा' असं लिहिलं होतं, ते नको. त्याचं नाव ठाऊक नाही, पण तो कोण ते तर दिसतंय ना?"

त्या वर्षी सहाव्या स्थानाखाली छायाचित्र पुन्हा लागले. खालच्या पट्टीवरचा मजकूर त्यांनीच सांगितलेला होता: 'थोरला भाऊ. नागासाकी, १९४५.'